संशयाचा मासिक पास

गाडी निळी झाली ती माझ्याच हातानं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा.

त्या रविवारी आम्ही सासुरवाडीला, पिंपरी पेंढारला गेलो होतो. मेहुण्याची द्राक्षबाग घराला लागून आहे. जेवणाला अवकाश होता, गाडीवर आठवड्याची धूळ होती आणि बागेच्या कडेला फवारणीचा पंप उभा होता. टाकी अर्धी भरलेली. आमच्याकडं निम्म्या तालुक्याच्या गाड्या ह्याच पंपावर धुतात, तेव्हा मी काही जगावेगळं केलं नाही. चष्मा भिजेल म्हणून काढून खिडकीत ठेवला, पंप चालू केला आणि गाडीला टपापासून चाकापर्यंत अशी आंघोळ घातली की हळदीच्या नवरदेवालाही मिळत नसेल. पाणी जरा आभाळी दिसत होतं. म्हटलं, आज आभाळ स्वच्छ आहे, त्याचंच पडलं असेल. मग गाडी उन्हात वाळत ठेवली, आत जाऊन मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि तासभर आडवा झालो.

टाकीत मोरचूद आणि चुन्याचं द्रावण होतं. बागायतदार त्याला बोर्डो म्हणतात आणि वेलींवरच्या करप्यासारख्या रोगांवर फवारतात. पावसातसुद्धा पानावरून निघू नये असं ते असतं. माझ्या गाडीवरूनही निघेना. काचांसकट सगळी गाडी निळसर, मधेमधे चुन्याचे ओघळ. पांढऱ्या गाडीचा बेंदराचा बैल झाला होता, फक्त शिंगांना फुगे बांधायचे बाकी. मेहुण्यानं शांतपणे भोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, एक बरं झालं. औंदा गाडीवर करपा यायचा न्हाई."

घाबरलेला माणूस एका चुकीवर थांबत नाही. मी तारेची घासणी घेतली आणि घासत सुटलो. निळा रंग गेला. त्याच्याबरोबर पांढराही गेला. दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटवरून हात फिरवत विचारलं, "साहेब, बोर्डो समजलं. पण हे घासलं कुणी?"

"मेहुण्यानं," मी म्हणालो.

दिवाळी तोंडावर आहे, तीन आठवडे लागतील, असं तो म्हणाला.

अशा रीतीनं वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एसटीनं नोकरीवर जायला निघालो. नारायणगाव ते पेठ. मधे कळंब, मंचर आणि अवसरीचा घाट. पेठला एका विद्यालयात मी लिपिक आहे. बारा वर्षं हा रस्ता रोज केला, पण काच वर करून. लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. मी तीसेक किलोमीटरवर जाऊन आलो. पण मी नुसता जात नव्हतो, मी चौकशीला निघालो होतो.

कशाची, ते सांगतो. आमची सायली मंचरला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. तिला एक स्थळ आलं होतं. आणलं होतं पारसशेठनं. त्यांचं नारायणगावात किराण्याचं दुकान आहे. पूर्वज मारवाडातले, पण शेठचं मराठी आमच्यापेक्षा जास्त जुन्नरी. पेठच्या अलीकडच्या एका वाडीतलं बागायतदार घर, धाकटा मुलगा चाकणला कंपनीत. दसऱ्याआधीच्या रविवारी ती मंडळी सायलीला बघायला आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक चुलते. थोरल्या सुनेला जमलं नाही म्हणाले.

पोहे चालू असताना मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "पोरगी मंचरला जाती-येती कशी?"

मी ऐटीत म्हणालो, "आमच्या सायलीला एसटीची सवयच नाही हो. गाडी आहे ना घरची."

मुलाच्या वडिलांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं पोह्यांकडं पाहिलं. मग मी विचारलं, लग्नानंतर तिच्या नोकरीचं काय? तर वडील म्हणाले, "बघू की नंतर. कळवतो." आणि उठले. त्यानंतर दहा दिवस काही कळवलं नाही.

मला संशयाचा आजार आहे, असं बायको म्हणते. आजार नाही, अनुभव आहे. 'नंतर बघू' म्हणजे नोकरी सोडायला लावणार. थोरली सून आली नाही म्हणजे तिला दाखवण्यासारखं ठेवलेलं नाही. आणि सायलीला तर ती नोकरी जिवापेक्षा प्यारी. तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "पप्पा, मुलगा मला आवडलाय. पण नोकरी सोडायची असेल तर नाही म्हणा. मला नंतर भांडत बसायचं नाही." म्हणजे हो किंवा नाही, हे माझ्या एका चौकशीवर आलं होतं.

बायको, नलिनी तिचं नाव, त्या दिवसापासून काहीतरी सांगू बघत होती. "अहो, त्या मुलाच्या आईनं मला स्वयंपाकघरात—"

"स्वयंपाकघरातलं राहू दे," मी म्हणालो. "ते गोडच असतं. माहिती बाहेरून काढायची असते."

आमच्याकडं पोरगी देण्याआधी गुपचूप चौकशी करायची रीत आहे. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये. आपण कोण ते सांगायचं नाही आणि समोरच्याचं सगळं काढून घ्यायचं. गाडीतून ते होत नाही. त्या वाडीचे लोक ज्या बसनं येतात-जातात, तीच माझी बस. बोर्डोनं गाडी नासली ती देवानंच नासवली, असं वाटलं. घरात मात्र मी ह्यातलं अवाक्षर काढलं नाही.

मंगळवार, नारायणगाव स्टँड

सायली आठच्याच बसनं निघून गेली. "तुमच्या गाडीमुळं मला रोज उशीर होतो पप्पा, लॅब मलाच उघडायची असते," म्हणाली. कुठली बस कुठं लागते, कुठली कळंबला आत जाते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. ते तिला कसं ठाऊक, असा संशय मला यायला हवा होता. जिथं यायला हवा तिथं माझा संशय येत नाही.

मी नऊच्या राजगुरुनगर गाडीला उभा. स्टँडवर झेंडूची पोती, टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन निघालेली माणसं, मसाला दुधाच्या रिकाम्या ग्लासांचा खणखणाट. बस लागली आणि खिडक्यांतून आत रुमाल पडायला लागले. पिशवी, टोपी, एकानं तर पायातली एक चप्पल टाकली. हे सगळं आरक्षण. मीही रुमाल टाकला. आत जाऊन पाहतो तर माझ्या रुमालावर एक आजीबाई बसलेल्या.

"आजी, रुमाल माझा होता."

"आसंल की," आजी म्हणाल्या. "मी काय न्हेनारे का त्यो?"

शेवटी एका म्हाताऱ्याशेजारी जागा मिळाली. पांढरं धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. सगळी बस त्यांना आण्णा म्हणत होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, म्हणून आण्णा रोज सकाळी मला हव्या असलेल्या त्याच वाडीतून नारायणगावला येतात आणि परत जातात. काम काही नाही. "गावातल्या पारावर समदी मेली," ते म्हणाले. "हितं रोज नवी मान्सं घावत्यात. पावणं कुठलं?"

चौकशीला आलेला माणूस स्वतःचं नाव सांगत नसतो. मी म्हणालो, "ओतूर. नाव दत्तात्रय."

"ओतूर?" आण्णा माझ्याकडं वळले. "माजी लेक ओतुरात दिल्याली. तुमी कंच्या आळीत?"

"नदीकडं," मी म्हणालो. बहुतेक गावांना नदी असतेच.

"नदीकडंच तर लेक ऱ्हाती," आण्णा म्हणाले आणि मंचरपर्यंत मला तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं विचारत राहिले. मी झोपेचं सोंग घेतलं.

बुधवार, कळंबचा पूल

तीन आठवडे तिकीट काढत बसण्यापेक्षा मी मासिक पास काढला. कंडक्टर बाई होत्या. तिशी-पस्तिशीच्या, खाकी पोशाख, गळ्यात तिकिटाचं मशिन, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूसही सुट्टे पैसे काढून बसायचा. त्यांनी माझा पास हातात घेतला, फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा पास वाचला आणि जरा जास्तच वेळ वाचत राहिल्या. मला संशय आला, की फोटोवरून त्यांना संशय आला असावा. फोटो केस काळे असतानाचा होता.

"बसा, काका," एवढंच म्हणून त्या पुढं गेल्या.

घोडनदीच्या पुलावर मी आण्णांना हळूच विषयाला आणलं. त्या वाडीतलं अमुक घर कसं आहे?

आण्णा एकदम गप्प झाले. समोरच्या बाकावरची माणसंही गप्प झाली. मग मागून एकानं मला खांद्यावर टोचून विचारलं, "राव, खरं सांगा. तुमी चेकिंगचं हाय का? साध्या कपड्यात?"

"नाही, नाही. माझ्या एका मित्राची मुलगी आहे, नारायणगावची. तिच्यासाठी."

सगळ्या बसचा श्वास मोकळा झाला. लग्नाची चौकशी म्हटल्यावर माणसं पुढं सरकून बसली. ही आमच्याकडची सगळ्यात पुण्यकर्माची गोष्ट. तिला कुणी नाही म्हणत नाही.

"घर लई चांगलं," आण्णा म्हणाले. "मान्सं सरळ. पन येक हाय. घर चालतं त्ये थोरल्या सुनेच्या हातात."

"म्हणजे?"

"म्हंजी तिनं येक घंटी मारली की घर थांबतंय. दोन मारल्या की पुन्यांदा चालू."

आसपासची माणसं हसली. कंडक्टरबाई आमच्याच बाकाला टेकून कुणाला तरी तिकीट देत होत्या. त्या मशिनकडं बघत होत्या, पण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला असं मला वाटलं. मला त्यांचाही राग आला. एका बाईच्या जाचाची गोष्ट चाललीय आणि दुसरी बाई हसते! माझ्या डोळ्यांसमोर ती थोरली सून उभी राहिली. कमरेला किल्ल्या, हातात घंटी, आणि आमची सायली तिच्यासमोर भांडी घासतेय.

"आन् पोरीचा बाप कसा हाय?" आण्णांनी विचारलं. "तुमचा मैतर?"

आता इथं मी थांबायला हवं होतं. पण स्वतःबद्दल दुसऱ्याच्या तोंडून चांगलं ऐकायची संधी माणसाला मिळत नाही, आणि स्वतःच्या तोंडून तर मुळीच नाही. मी म्हणालो, "देवमाणूस. खोटं म्हणून कधी बोलत नाही. आणि मुलीवर जीव! ती काय खाते, कुठं जाते, सगळं त्याला माहीत असतं."

"व्हय का?" कंडक्टरबाई पहिल्यांदाच बोलल्या. आणि त्यांनी दोरी ओढून कळंबची घंटी मारली.

गुरुवार, शुक्रवार

प्रवासवर्णनात खाण्याचं लिहायचं असतं म्हणून सांगतो. गुरुवारी आण्णांनी पिशवीतून बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा काढला आणि निम्मा माझ्यापुढं धरला. गाडीत मी बारा वर्षं एकटा डबा खाल्ला, कुणी विचारलं नाही. इथं विचारलं तर मला संशय आला. हा माणूस मला काय म्हणून खाऊ घालतोय? ओतूरची आणखी माहिती काढायला? मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि पेठपर्यंत त्या ठेच्याचा वास घेत बसलो. शुक्रवारी त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा खाल्लं. बाहेर उसाच्या कडेला बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी होती. पाटीखाली दोन शेळ्या निवांत चरत होत्या. संशय न घेणाऱ्यांचं आयुष्य किती सोपं असतं, असं मनात आलं.

आणखी एक पाहिलं. गाडीत असताना मला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आडवा येणारा वाटायचा. बसमध्ये त्याच माणसांना नावं आली. स्टँडवर माझ्या रुमालावर बसलेल्या आजी शुक्रवारी माझ्यासाठी जागा धरून होत्या. त्याच रुमालानं.

घरी नलिनीनं पुन्हा सुरुवात केली. "त्या दिवशी तुम्ही बसचं जे बोललात ना, त्यावरून—"

"मी काय वावगं बोललो?"

"तुम्ही एक फोन करा त्यांना. मी सांगते काय बोलायचं ते."

"मुलीच्या बापानं आधी फोन करायचा नसतो," मी म्हणालो. मनात ठरलं होतं. थोरल्या सुनेचा जाच, नोकरी बंद. शनिवारी एकदा आण्णांकडून पक्कं करून घ्यायचं आणि रविवारी पारसशेठला नकार कळवायचा. सायली आतल्या खोलीत होती. तिनं विचारलं, "काही कळलं का हो पप्पा?" मी म्हणालो, "कळेल."

शनिवार, अवसरीचा घाट

मंचरला बस निम्मी रिकामी झाली. घाटाच्या मध्यावर धनगरांची मेंढरं आडवी आली. शेदोनशे तरी असतील. पाठीवर संसार लादलेली दोन घोडी, घोड्यावर कोंबडी, कोंबडीशेजारी झोपलेलं पोर. पाऊस संपला की ही मंडळी कोकणाकडं निघतात. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून उभा राहिला.

मी आण्णांकडं वळून तोंड उघडणार, तोच कंडक्टरबाई आल्या आणि आमच्या समोरच्या बाकावर उलट्या तोंडानं बसल्या.

"काका, पास दावा."

मी दाखवला. त्यांनी मोठ्यानं वाचला. "सुभाष. नारायणगाव ते पेठ." मग वर पाहिलं. "आन् वतूरचं दत्तात्रय कोन मग?"

आण्णा खिडकीबाहेर मेंढरं मोजायला लागले.

"ते… चौकशीसाठी," मी म्हणालो.

"आन् तुमच्या मैतराची पोरगी, ती सायली न्हवं? मंचरला लॅबमधी हाय ती?"

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"सांजच्या साडेसाच्या गाडीला बसती ती मंचरवरनं. ती गाडी बी माजीच. दोन वर्सं झाली, रोज."

"छे," मी म्हणालो. "येताना ती मैत्रिणीच्या स्कुटीवर येते."

"मैत्रिनीचं लगीन व्हऊन ती नाशकाला गेली, काका. त्याला दोन वर्सं झाली."

मी सकाळी सायलीला सोडायचो. शाळा पाचला सुटायची, लॅब सहाला. मंचरला तासभर थांबून काय करायचं, म्हणून मी सरळ घरी यायचो. ती स्कुटीवर येते हे मला तिनं एकदा सांगितलं होतं. कधी, ते आता मोजायला लागलो आणि थांबलो.

"मी तिला दोन वर्सं बघती," बाई सांगत होत्या. "सुट्टं पैसं हातात घिऊन बसनार. बांगड्यावाल्या मावशीला रोज जागा धरनार. कुनी नुसता धक्का दिला तर आसं बघंल, की त्यो पुढच्या स्टापला उतरतोय. मी घरी म्हनलं, ही पोरगी आपल्यात पायजे. माज्या दिरासाठी मीच सुचवली. पारसशेठ नुसता निरोप्या."

माझी नजर त्यांच्या खिशावर गेली. तिथं नावाची पट्टी होती. वैशाली, आणि पुढं त्या घराचं आडनाव. पाच दिवस मी बसमधले सगळे चेहरे वाचले. ती पट्टी वाचली नव्हती.

"तुम्ही… थोरल्या सूनबाई?"

"येक घंटी मारली की थांबतंय," आण्णा बाहेर बघतच म्हणाले.

"बघायच्या दिवशी मला सुट्टी न्हाई मिळाली," वैशालीताई म्हणाल्या. "मामंजी घरी आलं आन् मला म्हनलं, पोरीचा बाप म्हनतोय तिला यष्टीची सवयच न्हाई. तू तर म्हनतीस रोज तुज्या गाडीला आसती. येक तर तू खोटी, न्हाई तर त्यो खोटा. आता मला सांगा काका, पंधरा दिस झालं, माज्याच घरात मी खोटी ठरलीया. सासूबाई म्हनत्यात, यष्टीला नाक मुरडनारं घर दिसतंय, हितं सुनेच्या अंगावर खाकी बघितल्यावर काय म्हनतील? म्हनून निरोप थांबला."

मेंढरं संपत नव्हती. संपू नयेत असंही वाटत होतं.

"मी मुद्दाम खोटं नाही बोललो," मी म्हणालो.

"त्ये कळलं मला. बुधवारी तुमी म्हनला न्हाई का, ती कुठं जाती समदं बापाला म्हाईत आसतं. आसं छातीठोक खोटं कुनी बोलत न्हाई. तुमाला खरंच वाटत व्हतं." मग त्या म्हणाल्या, "पौषात येकदा ती मंचरवरनं रडतच बसली. नारायनगाव येस्तवर. मी काय इचारलं न्हाई, नुसती पान्याची बाटली दिली. स्टँडवर उतरताना तोंड धुतलं तिनं. घरी रडकं जायचं न्हाई म्हनली. म्हाईत हाय तुमाला?"

मला माहीत नव्हतं. पौषात मी संध्याकाळी काय करत असतो ते मात्र माहीत होतं. त्या दिवसांत मी अंगणात गाडी पुसत असतो. ती फाटक उघडून माझ्या बाजूनंच आत गेली असणार.

मग मी विचारलं, "आणि नोकरीचं? तुमचे सासरे 'नंतर बघू' म्हणाले."

वैशालीताईंनी गळ्यातलं मशिन उचलून माझ्यापुढं धरलं. "ह्ये काय मी चुलीम्होरं बसून वाजवती का? आमच्या घरात दोन सुना कामावर गेल्या तर भाकरी कोन करनार, येवडाच सवाल हाय. आन् त्यो दिराला इचारा, त्याला येत्यात."

पुढं ड्रायव्हर चढला. मी घाईनं म्हणालो, "आता घरी काय सांगाल? खोटं नाव, ओतूर, हे सगळं…"

"काय सांगू? बाप खोटा न्हाई, बापाला ठावकच न्हाई, आसं सांगते. दोन्हीतलं बरं कंचं, तुमीच सांगा."

मी विचार केला. मग म्हणालो, "दोन्ही सांगा. म्हणजे तुम्ही तरी खऱ्या ठराल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पास परत दिला आणि दोन घंट्या मारल्या. बस चालू झाली. आण्णांनी पिशवीतून भाकरी काढली. "घ्या, दत्तूशेठ," म्हणाले.

शनिवारीच, मंचर स्टँड

शाळा सुटल्यावर मी घरची बस सोडून मंचरला उतरलो आणि साडेसहापर्यंत थांबलो. तासभर मंचरला काय करायचं, हे इतकी वर्षं पडलेलं कोडं इतकं अवघड नव्हतं. एक चहा, एक वडापाव, आणि लॅबच्या दिशेनं येणाऱ्या रस्त्याकडं बघणं.

सायली आली ती मला बघून दचकली. "पप्पा? गाडी झाली का?"

"नाही. बसनं जाऊ म्हटलं."

बस फलाटाला लागायच्या आत तिनं गळ्यातला स्कार्फ काढून चालत्या बसच्या तिसऱ्या खिडकीतून असा फेकला की तो सीटवर पसरून पडला. पाच दिवसांत मला ते एकदाही साधलं नव्हतं. माझ्या मुलीचा नेम इतका पक्का आहे हे मला त्या दिवशी कळलं. पण स्कार्फवरची दुसरी जागा बांगड्यावाल्या मावशींची होती. मी दांडीला धरून उभा राहिलो. वैशालीताई माझ्याजवळून गेल्या, पण त्यांनी पास मागितला नाही. मावशींनी सायलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सायली खळखळून हसली. असं ती गाडीत हसल्याचं मला आठवेना. गाडीत मी बाजारभावाच्या बातम्या लावतो.

पौषातलं विचारायचं राहिलं. गर्दी होती.

घरी मी नलिनीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "त्या बाईंनी मला स्वयंपाकघरात हेच सांगितलं होतं, की आमची थोरली कंडक्टर आहे, पोरगी तिनंच सुचवलीय, पण ठरेपर्यंत पोरीला सांगू नका, बसमध्ये अवघडेल. तुम्हाला सांगायला तीनदा तोंड उघडलं मी." आणि ती भाकरी थापायला उठली.

सोमवारी त्यांच्याकडून निरोप आला. माघात लग्न धरायचं ठरलं. सायली नोकरी करणार, हे मुलाच्या वडिलांनी फोनवर स्वतःहून सांगितलं, आणि वर विचारलं, "ओतूरचं दत्तात्रय लग्नाला येनार ना?"

गाडी दिवाळीच्या दोन दिवस आधी आली. नवी पांढरी, चकचकीत. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नलिनीला म्हणालो, "आता सोमवारपासून बघ. सायलीला सकाळी सोडणार मीच, आणि संध्याकाळी मंचरला थांबून आणणारही मीच."

नलिनी ओट्यावर बसून मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "गाडी राहू दे दारात. आठच्या बसनं जा तिच्याबरोबर. लग्नाला चार महिने राहिलेत. तेवढ्यात तुमची तुमच्या पोरीशी ओळख होते का बघा."